तुझ्या लॉगिनवरची दोन वर्षं

बोपोडी, पुणे
१२ ऑगस्ट १९९५

उत्तरेश्वर,

‘सप्रेम नमस्कार’ लिहून झालं होतं, त्यातलं ‘सप्रेम’ खोडलं. नमस्कार आहे. विनंतीही आहे, आणि ती मी एकदाच करणार आहे, तेव्हा हे पत्र तिकडे सॅन होजेत कुठल्यातरी खोक्याखाली जाऊ देऊ नकोस.

तू जानेवारीत गेलास. गेलास हे मला संपतने सांगितलं. सकाळी टेबलावर चहा ठेवता ठेवता म्हणाला, "मॅडम, देशमानेसाहेबांची खुर्ची तुम्ही घेता का? ते काय आता येत न्हाईत. अमेरिकेला गेले न्हवं." चार वर्षं आपण शेजारी बसून काम केलं आणि बातमी मला ऑफिसच्या शिपायाकडून, खुर्चीच्या वाटपातून कळली. असो. त्याबद्दल मी चिडलेली नाही. खुर्ची मी घेतली.

मुद्दा असा की बॉस्टनहून उत्तर आलंय. आपलं काम त्यांना हवंय. अमेरिकेत गेल्यावर माणसं इथलं विसरतात म्हणे, म्हणून पहिल्यापासून सांगते.

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत रंगरावसाहेबांचा कारखाना आहे. तिथे दुधातलं फॅट मोजायचं यंत्र बनतं. त्या यंत्रात एक स्वस्त जपानी चिप असते आणि आपण लिहिलेला प्रोग्राम त्या चिपला कळेल अशा आकड्यांत उतरवायला कंपायलर लागतो. साहेबांनी तो एकच विकत घेतला होता. त्याच्याबरोबर एक कुलूप आलं होतं, प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं. ते खोचलेलं असेल तरच कंपायलर चालणार. माणसं सात, कुलूप एक. "कुलूप कुणाकडंय?" हे दिवसातून वीस वेळा ऐकू यायचं. मग एकदा ते खुर्चीच्या चाकाखाली आलं. विकणारे म्हणाले, नवीन घ्या. साहेब म्हणाले, घेणार नाही. तेव्हा तू विद्यापीठाच्या आवारातल्या संस्थेतून, दीपालीकडून, एक टेप घेऊन आलास.

त्या टेपवर ग्नूवाल्यांचा कंपायलर होता. नुसता चालवायचा नव्हे, त्याचा मूळ मजकूरसुद्धा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. वाचा, बदला, वाटा. अट एवढीच, ज्याला द्याल त्यालाही मूळ मजकूर द्यायचा. साहेब म्हणाले, "फुकट देतात म्हणजे काहीतरी गोम असणार." गोम काही नव्हती. बॉस्टनमधल्या काही लोकांनी चौऱ्याऐंशीपासून एक हट्ट धरला होता, की कारागिराला त्याचं अवजार उघडून बघता आलं पाहिजे. म्हणून त्यांनी आधी एडिटर लिहिला, मग चुका शोधायचा डीबगर, मग कंपायलर, आणि लोकांना देऊन टाकले. आपण हडपसरमध्ये बसून तो कंपायलर उघडला आणि दोन वर्षं खपून त्याला ती जपानी चिप शिकवली. चिपच्या प्रत्येक आज्ञेचं वर्णन मी लिहिलं, चार हजार ओळी. फंक्शन आणि इंटरप्टचा भाग तू लिहिलास.

आता हे काम बॉस्टनवाले आपल्या मूळ संचात घेणार आहेत. पण त्यांची एक रीत आहे. ज्याने ज्याने लिहिलं त्याने शाईने सही केलेला कागद टपालाने पाठवायचा, की हे मी लिहिलं आणि याचे हक्क मी तुमच्या संस्थेला देतो. म्हणजे उद्या कुणी दावा सांगत यायला नको. आणि त्यांच्याकडच्या नोंदीत नाव फक्त तुझं आहे. का आहे ते तुला माहीत आहे.

तेव्हा तू एवढंच कर. एक पान लिही, अमुक फाइली माझ्या, तमुक सत्यशीलाच्या. खाली सही. माझ्या फाइलींचा कागद मी पाठवते. दहा मिनिटांचं काम आहे.

बाबांनी जय भीम सांगितलाय.

सत्यशीला ओव्हाळ


३ नोव्हेंबर १९९५

उत्तरेश्वर,

एकदाच विनंती करणार म्हटलं होतं, ही तिसरी. मधला एरोग्राम मिळाला नसेल तर बरंच झालं, त्यात मी जरा वेडंवाकडं लिहिलं होतं.

तुझं उत्तर नाही, तरी इकडचं काम मी उरकलं. बॉस्टनला मालकाचीही सही लागते, की या कामावर कंपनीचा हक्क नाही. मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी तो अंगठ्याने चाचपून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि म्हणाले, "म्हणजे आपण काहीतरी सोडतोय."

मी म्हटलं, "साहेब, सोडायला आधी धरलेलं असावं लागतं. यात लिहिलंय की कंपनीला या कामात काही रस नाही. खरं की खोटं?"

"खरंच आहे."

"मग करा सही."

सही केली. वर शिक्काही मारला, रबरी, थोडा तिरका. चार वर्षांत साहेबांनी इतक्या मोकळ्या मनाने सही केलेला हा पहिलाच कागद असेल.

तुला मात्र दहा मिनिटं सापडत नाहीत. दर शनिवारी मी दोन बस बदलून दीपालीच्या संस्थेत जाते, कारण ईमेल तिच्याकडेच येते. ती मला बघितल्या बघितल्या मान हलवते आणि मी तिच्या कॅन्टीनचा चहा पिऊन परत येते. आता तिथला वॉचमनसुद्धा विचारायला लागलाय, "आलं का ओ ताई?" त्याला वाटतं माझं लग्नाचं काहीतरी अडलंय. त्याला कंपायलर समजावून सांगण्यापेक्षा तसंच वाटू दे म्हटलं.

कृपा करून सही कर.

सत्यशीला


१९ जानेवारी १९९६

उत्तरेश्वर,

नवीन वर्षाचं भेटकार्ड मिळालं. आत टाइप केलेलं पत्र होतं तेही मिळालं. ते मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग बाबांनी विचारलं काय झालं म्हणून त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. तुझीच वाक्यं तुला परत लिहून पाठवते, म्हणजे तुलाही ती एकदा ऐकू येतील.

"तुझा त्रास वाचवला. सगळं काम माझ्या नावाने सही करून पाठवून दिलं, दोन-दोन कागदांची भानगड नको." किती रे काळजी माझी!

आणि पुढे, "इथे नोकरीच्या बायोडेटात मी हे काम एकट्याने केलं असं लिहिलंय. आता बॉस्टनला वेगळं लिहिलं आणि कुणी ताडून पाहिलं तर माझा व्हिसा धोक्यात येईल. तू समजून घेशील." समजून घेण्याचा मक्ता मी घेतलाय हे तुला कुणी सांगितलं?

आता यात माझी चूक काय होती ते मी सांगते, कारण ती मलाच सांगितली पाहिजे. मुलाखतीत साहेबांनी मला पहिला प्रश्न केला होता, "ओव्हाळ म्हणजे आपण कुठले?" मी म्हटलं, बोपोडीचे. "नाही, म्हणजे मूळचे?" मी म्हटलं, मूळचे बोपोडीचेच. एवढ्यावर त्यांना हवं ते कळलं, आणि इलेक्ट्रॉनिक्सची पदवी असलेल्या मला त्यांनी यंत्राबरोबर द्यायची माहितीपुस्तकं टाइप करायला बसवलं. कंपायलरच्या कामाला मला हात लावू द्यावा हे त्यांना कुणी सांगणार नव्हतं. तेव्हा तू म्हणालास, "माझ्या लॉगिनवर बस. साहेबांना कळायला नको. नावाचं काय, नंतर बदलता येईल." मला ते पटलं होतं. मला वाटलं, हा माणूस माझ्यासाठी जोखीम घेतोय.

आणि तो इमॅक्स एडिटर! केलेल्या बदलाची नोंद लिहायची म्हणून कळा दाबल्या की तारीख आणि नाव आपोआप येतं. नाव लॉगिनवरून. रोज संध्याकाळी मी दिवसभराचं काम संपवायचे, त्या कळा दाबायचे, आणि वर उमटायचं उत्तरेश्वर देशमाने. खाली मी लिहायचे की आज काय काय केलं. अशा सहाशेच्या वर नोंदी आहेत. सहाशे वेळा मी स्वतःच्या बोटांनी माझं काम तुझ्या नावावर चढवलं आणि दिवे बंद करून बस पकडली. एवढा शिकलेला गाढवपणा पुण्यात दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

तुझ्यापेक्षा मला माझाच राग जास्त येतो, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. तुझाच जास्त येतो.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. तू त्यांना ओळखतोस, खडकीच्या फॅक्टरीत तीस वर्षं टर्नर होते. म्हणाले, "आमच्याकडे मापाच्या प्रत्येक गेजवर करणाऱ्याचा नंबर ठोकायचे. चांगला निघाला तरी सीताराम ओव्हाळ, रिजेक्ट झाला तरी सीताराम ओव्हाळ." मग चष्मा पुसत विचारलं, "तुझा नंबर कुणी ठोकला नाही का गं?"

त्यांना काय सांगू ते मला कळवशील का?

सत्यशीला


२० एप्रिल १९९६

उत्तरेश्वर,

हे तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. तशी पद्धत असते.

मी बॉस्टनला खरं काय ते लिहिलं. माझ्या रोजच्या वहीच्या पानांच्या झेरॉक्सही पाठवल्या. कागदपत्रं सांभाळणाऱ्या तिथल्या बाईंनी तुला विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस. महिनाभर थांबून त्यांनी पुन्हा विचारलं, तू पुन्हा गप्प. तेव्हा त्यांनी मला अतिशय सभ्य भाषेत कळवलं, की जिथे दोघांचं एकमत नाही ते काम आम्ही ठेवू शकत नाही. मग आपला सगळा भाग त्यांनी काढून टाकला.

तू म्हणशील, सत्यशीलाने घर जाळलं. दीपालीही जवळजवळ तेच म्हणाली. "अगं, निदान काम तरी जगलं असतं. नाव काय चाटायचंय?" मी तिच्यावर चिडले आणि निघून आले. पण तीन दिवस तेच डोक्यात होतं. तिचं म्हणणं चुकीचं नाही. त्या संचाच्या नव्या आवृत्त्या निघत राहणार, आपलं काम त्यात नसलं तर दोन वर्षांत ते कशाशीच जुळणार नाही, मरून जाईल. गप्प राहिले असते तर जगलं असतं. आजीची ओवी आई म्हणते, आजीचं नाव कुणाला माहीत नाही, ओवी चालूच आहे. तेही मी स्वतःला सांगून पाहिलं.

पण उत्तरेश्वर, आजीला कुणी कळा दाबायला लावल्या नव्हत्या. आणि ही माणसं कोण आहेत बघ. कुणी काय केलं याची ओळन्‌ओळ नोंद ठेवणारी. त्यांच्या वहीत तरी खोटं नको, असं मला वाटलं. शिवाय मला नाव हवंय. ऑगस्टपासून मी तुला ‘रीत आहे’, ‘कागद लागतो’ असं लिहीत आले, ते सगळं खरं, पण त्याच्याखाली एवढंच होतं. मला माझं नाव हवंय.

बॉस्टनच्या बाईंनी एक वाट ठेवली आहे. माझ्या चार हजार ओळी माझ्या म्हणून मी देऊ शकते. तुझा अर्धा भाग मात्र नव्याने लिहायचा, तुझं लिखाण समोर न ठेवता आणि आठवणीतून न उतरवता. मी तसा शब्द लिहून दिलाय, सहीनिशी.

शब्द देताना वाटलं तेवढं हे सोपं नाही. तुझं लिखाण समोर नसलं म्हणून काय झालं, ते मला पाठ आहे. एखादी ओळ आपसूक बोटांतून उतरते आणि मग लक्षात येतं की ही तर त्याची. मग खोडायची आणि वेगळी रीत शोधायची. चिपमधले रजिस्टरचे कप्पे तू वरून खाली भरायचास, मी खालून वर भरते. तू जिथे लूप लावायचास तिथे मी टेबल लावते. ऑफिस सुटल्यावर रोज दोन तास, समोर बसलेल्या तुला टाळत टाळत. एखाद्याला विसरायचं काम कुणी इतकं मोजून केलं नसेल.

साहेबांनी आता मला माझं लॉगिन दिलंय. मागितल्यावर लगेच दिलं, म्हणाले, "आधी का नाही मागितलंत?" त्या क्षणी मला कुणाच्या डोक्यात काय घालावं ते सुचेना.

सत्यशीला


२ डिसेंबर १९९६

उत्तरेश्वर,

काम आत गेलं. नोंदीत नाव सत्यशीला सीताराम ओव्हाळ, पुणे. दीपालीने प्रिंट काढून दिला. बाबा तो भिंतीवर लावायचा म्हणत होते, मी नको म्हटलं, त्यांनी लावलाच.

तुझी एकही ओळ त्यात नाही. तुझी सही आता लागत नाही. उत्तराची अपेक्षा नाही.

सत्यशीला


१३ जुलै १९९७

उत्तरेश्वर,

उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिलं होतं. आता आहे. हसू नकोस.

त्या चिपच्या भागाची जबाबदारी आता बॉस्टनने माझ्याकडे दिली आहे. म्हणजे कुणाचीही तक्रार आली की ती माझ्याकडे येते आणि कुणीही दुरुस्ती पाठवली तर ती घ्यायची की नाही ते मी ठरवते. पगार नाही, मान पुष्कळ. कोथरूडला मी रविवारी एका क्लासमध्ये सी भाषा शिकवते, तिथली पोरं मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी घेऊन येतात. ते सगळं लिनक्स याच कंपायलरने बांधलंय हे मी त्यांना सांगते. एक जण म्हणाला, "मॅम, फ्री आहे म्हणजे क्वालिटी कॉम्प्रोमाइज्ड असेल ना?" मला रंगरावसाहेब वीस वर्षांचे होऊन समोर बसल्यासारखे वाटले.

तर तक्रार. फिनलंडमधल्या एका माणसाची ईमेल आली, "प्रिय मिस्टर सत्यशीला". तिकडे घरं गरम ठेवायच्या यंत्रात तीच जपानी चिप वापरतात. त्याचं म्हणणं, तपमानाचा आकडा दिवसातून एखाद-दुसऱ्यांदा एकदम भलतंच काही दाखवतो. त्याने ते शोधत शोधत कंपायलरपर्यंत आणलं, आणि चूक माझी आहे. इंटरप्टमध्ये. म्हणजे गुणाकार चालू असताना मध्येच दुसऱ्या कामाची हाक आली, तर गुणाकाराचा अर्धा आकडा मी जपून ठेवत नाही, पुसला जातो. पहिल्यांदा माझ्या नावाने काही आलं ते हे. मी दिवसभर खुशीत होते, मग चूक पाहिली आणि खुशी उतरली.

कारण ही चूक मला माहीत आहे. त्र्याण्णव साली उरुळीच्या दूध संकलन केंद्रावर फॅटचा आकडा असाच उडायचा. गवळी म्हणायचे यंत्र भ्रष्ट आहे, सचिव म्हणायचा गवळी भ्रष्ट आहेत. आपण दोन दिवस तिथे पोत्यावर बसून होतो. दुसऱ्या दिवशी तुझ्या लक्षात आलं की आकडा उडतो तो नेमका पावती छापायला लागल्यावर. तू त्याच पावतीच्या पाठीवर कंपायलरसाठी पाच ओळी लिहिल्यास, आणि आकडा जागेवर बसला. तिथल्या बाईने आपल्याला ग्लासभर दूध दिलं. त्या दिवशी मला वाटलं होतं, की आयुष्यभर याच्या शेजारी बसून चुका शोधाव्यात. तेव्हा मी बोलले नाही, आणि आता बोलून उपयोग नाही, पण खोटं कशाला लिहू.

त्या पाच ओळी मला पाठ आहेत; नवं लिहिताना तुला टाळता टाळता त्याही टाळल्या आणि तिथेच भोक राहिलं. आत्ता या पत्रात लिहून दाखवू शकते. आणि मी त्या घालू शकत नाही, कारण त्या तुझ्या आहेत आणि मी शब्द दिलाय. गेले तीन आठवडे मी वेगळी रीत शोधतेय. दोन सापडल्या, दोन्ही हळू चालतात. तुझीच बरोबर आहे. हे लिहिताना माझी काय चिडचिड होतेय ते तुला दिसायला हवं होतं.

आता नीट वाच. बॉस्टनचा एक नियम आहे. दुरुस्ती दहा-पंधरा ओळींच्या आतली असेल तर कागद लागत नाही, सही लागत नाही, मालकाचा शिक्का लागत नाही. माणसाने नुसती पाठवायची. तुझ्या बायोडेटाला धक्का नाही, व्हिसाला धक्का नाही, तुझ्या कंपनीच्या वकिलांना विचारायचंही कारण नाही. खाली दीपालीचा ईमेल पत्ता लिहिलाय. त्या पाच ओळी पाठव.

मी त्या तुझ्या नावाने घालीन. वर तारीख, तुझं पूर्ण नाव, खाली काय दुरुस्त केलं ते. दुसऱ्याचं काम माझ्या नावावर जाणार नाही, मग तो दुसरा तू का असेनास. मला वाटलं होतं हे करताना मला फार बरं वाटेल, तुझ्यापेक्षा उंच झाल्यासारखं. तसं काही होत नाहीये. नुसतं वाटतंय की हे तू त्या वेळी माझ्यासाठी करायला हवं होतंस, आणि ते किती सोपं होतं.

मी वाट बघत नाहीये. पण फिनलंडमधला माणूस थांबलाय, आणि तिकडे थंडी लवकर पडते म्हणे. पाठव.

सत्यशीला